मुंबई ते लंडन : एका अंतराचा इतिहास

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला नेहमींच दोन उत्तरें असतात. एक उत्तर भूगोलाचें. तें मैलांत किंवा किलोमीटरांत देतां येतें आणि शतकें उलटलीं तरी बदलत नाहीं. दुसरें उत्तर इतिहासाचें. तें महिन्यांत, दिवसांत व तासांत द्यावें लागतें आणि प्रत्येक पिढीला तें निराळें मिळतें. मुंबई आणि लंडन या दोन शहरांना हें विधान विशेषच लागू पडतें. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलें असतां या दोहोंमधील अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे ४,४७० मैलांच्या आसपास भरतें. पेशवाईंत तें जेवढें होतें तेवढेंच आजहि आहे. परंतु पेशवाईंत हा प्रवास पुरा होण्यास पांच-सहा महिने लागत; आज नऊ-दहा तास लागतात. मधल्या अडीचशें वर्षांत हा काळ कसकसा आटत गेला आणि त्यामुळें दोन्ही टोकांच्या माणसांच्या नशिबांत काय फरक पडला, हें पाहणें बोधप्रद आहे.

आरंभीं मार्ग एकच होता आणि तो अत्यंत लांबचा होता. शिडाचें जहाज टेम्स नदींतून निघून अटलांटिक महासागरांतून दक्षिणेकडे जाई, आफ्रिकेच्या टोकाशीं केप ऑफ गुड होप या भूशिराला वळसा घाली आणि मग नैर्ऋत्येचे मोसमी वारे साधून मुंबईच्या बंदराकडे वळे. या मार्गाची लांबी वीस हजार किलोमीटरांच्या घरांत जाते. म्हणजे सरळ अंतराच्या पावणेतीनपट. शिवाय वारा माणसाच्या हुकमांत नव्हता. वेळेवर वारा मिळाला तर चार-पांच महिन्यांत जहाज पोहोंचे; न मिळाला तर सहा महिने किंवा त्याहूनहि अधिक काळ लागे. मुंबईहून धाडलेल्या पत्राचें उत्तर हातीं पडण्यास एक वर्ष लागणें ही चांगली गोष्ट समजली जाई. दीड-दोन वर्षें लागणें ही नेहमींची.

ही केवळ गैरसोय नव्हती. या विलंबानें मराठ्यांच्या इतिहासाला प्रत्यक्ष वळण दिलें आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांनीं इंग्रजांची मदत मागितली, आणि मुंबईकर इंग्रजांनीं मार्च १७७५ मध्यें त्यांच्याशीं सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हा तह पसंत पडला नाहीं. त्यानें आपला वकील पाठवून १ मार्च १७७६ रोजीं पुण्याच्या कारभाऱ्यांशीं पुरंदरचा तह केला व सुरतेचा तह रद्द ठरविला. प्रकरण येथें मिटावयाचें. परंतु त्याच सालीं कांहीं महिन्यांनीं लंडनच्या डायरेक्टरांचा खलिता येऊन पोहोंचला, आणि त्यांत सुरतेच्या तहाला संमति दिलेली होती! हा खलिता लिहिणाऱ्यांना पुरंदरच्या तहाची वार्ताहि नव्हती. मुंबईकरांना मात्र हवें तें हत्यार मिळालें. त्यांनीं राघोबांचा पक्ष पुन्हां उचलला, जानेवारी १७७९ मध्यें वडगांव येथें त्यांची नामुष्की झाली, आणि १७८२ सालीं सालबाईचा तह होईपर्यंत युद्ध चालू राहिलें. या युद्धाचीं कारणें अनेक होतीं हें खरें. परंतु मुंबई, कलकत्ता व लंडन या तीन ठिकाणीं एकाच प्रश्नाचे तीन निरनिराळे निर्णय एकाच वेळीं जिवंत राहूं शकले, तें या समुद्रमार्गाच्या लांबीमुळेंच होय.

याच युद्धाच्या काळांत राघोबादादांचा हणमंतराव नांवाचा वकील लंडनास जाऊन पोहोंचला होता. १७८१ सालीं तो तेथें होता, आणि त्याच्या आचारधर्माची सोय लागावी म्हणून एडमंड बर्क या प्रसिद्ध वक्त्यानें त्याला आपल्या जागेंत आश्रय दिल्याची नोंद आहे. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजांतून निघून हा गृहस्थ इतक्या दूर गेला. परंतु त्याच्या हातून कार्य सिद्ध झालें नाहीं.

पुढें पन्नास वर्षांनीं वाफेनें या अंतरावर पहिला घाव घातला. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांच्या देखरेखीखालीं ‘ह्यू लिंडसे’ नांवाची ४११ टनांची एक आगबोट बांधण्यांत आली. ती २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिल रोजीं सुएझला पोहोंचली. या तेहतीस दिवसांपैकीं बारा दिवस वाटेंत कोळसा भरण्यांत गेले. तिच्या पोटांत कोळशाला पुरेशी जागा नव्हती, म्हणून उतारूंच्या व टपालाच्या जागींहि कोळसा रचावा लागला होता. तरीहि एक गोष्ट सिद्ध झाली. केपला वळसा घालण्याऐवजीं तांबड्या समुद्रानें सुएझला जावें, तेथून मिसर देश जमिनीनें ओलांडून भूमध्यसमुद्र गांठावा व पुन्हां बोट धरावी, म्हणजे प्रवास निम्म्याहून कमी होतो.

नेमका याच वेळीं टॉमस वॅगहॉर्न नांवाचा एक इंग्रज दर्यावर्दी उलट दिशेनें हाच मार्ग पडताळून पाहत होता. तो ऑक्टोबर १८२९ मध्यें लंडनहून निघाला. सुएझला जी आगबोट त्याला मिळावयाची ती आलीच नाहीं; तेव्हां त्यानें उघड्या होडींत बसून तांबड्या समुद्रांतून जेद्द्यापर्यंत मजल मारली आणि मार्च १८३० मध्यें मुंबई गांठली. पुढें त्यानें मिसर देशांतून टपाल व उतारू नेण्याची व्यवस्था उभी केली. अलेक्झांड्रियाहून कालव्यानें व नाईल नदीनें कैरोपर्यंत, आणि तेथून ८४ मैलांचें वाळवंट गाड्यांनीं व उंटांनीं ओलांडून सुएझपर्यंत, असा हा ‘जमिनीवरचा मार्ग’ होता. या उद्योगांत वॅगहॉर्न कर्जबाजारी झाला आणि १८५० सालीं दारिद्र्यांतच मरण पावला. इकडे कोळशाच्या सोयीसाठीं मुंबई सरकारनें जानेवारी १८३९ मध्यें एडन बंदर जिंकून घेतलें. तेव्हांपासून १९३२ पर्यंत अरबस्तानाच्या टोकाचें तें गांव मुंबई इलाख्याच्या कारभाराखालीं राहिलें, हें आज पुष्कळांना आश्चर्याचें वाटेल.

या नव्या मार्गानें लंडनचें टपाल सुमारें सहा आठवड्यांत मुंबईस येऊं लागलें. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या काळाची सर्वांत हृदयद्रावक कथा सातारच्या वकिलाची आहे. सप्टेंबर १८३९ मध्यें मुंबई सरकारनें छत्रपति प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविलें. महाराजांची बाजू कंपनीच्या डायरेक्टरांपुढें व पार्लमेंटापुढें मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले. कांहीं महिन्यांत न्याय मिळेल व परत येऊं, अशा आशेनें गेलेला हा पुरुष १८५३ पर्यंत तेथेंच अडकून पडला. परकी भाषा, थंड हवा, खर्चाची ओढाताण या सर्वांना तोंड देऊन त्यांनीं अर्जांमागून अर्ज केले. दरम्यान ऑक्टोबर १८४७ मध्यें महाराजांनीं काशीस देह ठेवला. ती वार्ता समुद्र ओलांडून येईपर्यंत त्यांचा वकील त्यांच्या पुनःस्थापनेसाठींच झटत असला पाहिजे. १८४८ सालीं गादीवरील आप्पासाहेब महाराजहि वारले, आणि डलहौसी साहेबांनीं सातारचें राज्य खालसा केलें. ज्या राज्यासाठीं वकिली चालली होती तें राज्यच उरलें नाहीं. रंगो बापूजी रिकाम्या हातीं परत आले. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या पुत्राला साताऱ्यास फांशीं देण्यांत आलें, आणि ते स्वतः जे नाहींसे झाले त्यांचा पुढें पत्ता लागला नाहीं.

त्याच सत्तावन सालानें दोन शहरांमधील अंतराची किंमत राज्यकर्त्यांनाहि शिकविली. मीरतेस १० मे रोजीं उठाव झाला. त्याची बातमी लंडनास जूनच्या अखेरीस पोहोंचली. तेथून निघालेल्या पलटणींपैकीं बहुतेक केपच्या लांब वाटेनेंच आल्या, आणि सप्टेंबरांत दिल्ली पडल्यानंतरच त्यांचा मोठा भाग हिंदुस्थानांत उतरला. या अनुभवामुळें तारायंत्राचा प्रश्न निकडीचा झाला. १८६५ सालीं इराणी आखातांतून पहिली तार जोडली गेली, आणि १८७० सालीं एडन व सुएझमार्गें समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारेनें मुंबई लंडनला जोडली. बातमीपुरतें अंतर आतां कांहीं तासांवर आलें. परंतु याची दुसरी बाजू अशी कीं, मुंबईच्या गव्हर्नरास पूर्वीं जें स्वातंत्र्य होतें तें गेलें. वर्षभर उत्तर येणार नाहीं या भरंवशावर केलेलीं धाडसें संपलीं. प्रत्येक लहानमोठ्या गोष्टींत लंडनचें कार्यालय हात घालूं लागलें.

माणसांच्या प्रवासाला खरी कलाटणी मिळाली ती १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं. त्या दिवशीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई ते लंडन हा जलमार्ग वीस हजार किलोमीटरांवरून सुमारें ११,६०० किलोमीटरांवर आला. दुसऱ्याच वर्षीं, मार्च १८७० मध्यें, मुंबईची रेल्वे जबलपूरमार्गें कलकत्त्यास जाऊन मिळाली. या दोन घटनांनीं मिळून मुंबईला हिंदुस्थानचें महाद्वार बनविलें. लंडनचें टपाल आगगाडीनें इटलीच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत येई, तेथें मेलबोटींत चढे, आणि मुंबईस उतरतांच आगगाड्यांनीं साऱ्या देशभर पसरे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रवास सुमारें दोन आठवड्यांवर आला होता.

हे दोन आठवडे मराठी सुशिक्षित वर्गाच्या कित्येक पिढ्यांनीं अनुभवले. बॅरिस्टरीसाठीं, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठीं व विद्यापीठांसाठीं तरुण निघत. बंदरावर निरोप देणाऱ्या आईबापांना आतां निदान तीन वर्षें मुलाचें तोंड दिसणार नाहीं हें ठाऊक असे. १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच वाटेनें गेले. डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, तेव्हां त्यांचें सामान व ग्रंथ निराळ्या बोटीनें पाठविलेले होते. ती बोट जर्मनांनीं बुडविली आणि मोठ्या कष्टानें जमविलेला तो संग्रह समुद्राच्या तळाशीं गेला. तरी १९२० सालीं ते पुन्हां बोटींत बसले व राहिलेला अभ्यास पुरा करून आले. अंतर कमी झालें होतें, परंतु तें ओलांडण्यास लागणारी जिद्द कमी झालेली नव्हती.

यानंतरचें प्रकरण आकाशांतलें आहे. डिसेंबर १९१८ मध्यें, पहिलें महायुद्ध संपून महिना लोटतो न लोटतो तोंच, हँडले पेज जातीचें एक मोठें विमान इंग्लंडहून निघालें आणि जानेवारी १९१९ मध्यें हिंदुस्थानांत उतरलें. नियमित वाहतूक सुरू होण्यास मात्र दहा वर्षें जावीं लागलीं. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरिअल एअरवेज या कंपनीनें लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. हा प्रवास सात दिवसांचा होता, भाडें १३० पौंड होतें, आणि सगळा प्रवास विमानाचाहि नव्हता. स्वित्झर्लंडांतील बाझलपासून इटलींतील जिनोआपर्यंत उतारूंना आगगाडींत बसविण्यांत येई. पुढें समुद्रावर उतरणारें विमान, पुन्हां जमिनीचा टप्पा आणि नंतर पुन्हां विमान, असा तो तुटक मार्ग होता.

१९३० सालीं आगाखान यांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमान हांकून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. जहांगीर रतनजी टाटा कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनिअर हा कोंवळा तरुण लंडनहून कराचीकडे निघाला. दोघांची गांठ मिसर देशांत पडली. इंजिनिअर तेथें विमानाच्या स्पार्क प्लगांवांचून खोळंबून बसला होता. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. इंजिनिअर पुढें गेला आणि बक्षीस त्यालाच मिळालें! पुढें हाच तरुण स्वतंत्र भारताच्या हवाईदलाचा प्रमुख झाला. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीचें विलायती टपाल आपल्या लहानशा विमानांतून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. अहमदाबादेस त्या विमानासाठीं पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले होते. दोन युगांची अशी भेट इतिहासांत क्वचितच पाहावयास मिळते.

दुसरें महायुद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला, आणि ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनल या नव्या कंपनीचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनकडे उडालें. कैरो व जिनिव्हा येथें थांबत तें १० जून रोजीं लंडनास पोहोंचलें. विमानांत ३५ उतारू होते आणि एका दिशेचें भाडें १,७२० रुपये होतें. सर्वसामान्य नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम होती. परंतु ज्या शहराकडे हिंदी माणूस आजवर परक्यांच्या जहाजांतून जात आला, तेथें तो प्रथमच आपल्या देशाच्या विमानांतून उतरला, ही गोष्ट पैशांत मोजण्यासारखी नव्हती.

या वेगाची किंमत पुढें दोनदां मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाजवळ आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलें व आंतील ४८ जण ठार झाले. २४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून निघालेलें ‘कांचनजंगा’ हें जेट विमान त्याच पर्वतावर कोसळलें. त्यांत ११७ माणसें दगावलीं, डॉ. होमी भाभा हे त्यांपैकींच एक. वॅगहॉर्नच्या उघड्या होडीपासून या दुर्घटनांपर्यंत एकच गोष्ट दिसते, ती ही कीं, अंतराचा प्रत्येक तास कोणाच्या तरी धाडसानें किंवा प्राणानें कमी झालेला आहे.

पंख्याच्या विमानांची गति ताशीं तीनशें मैलांच्या आसपास होती. १९६० सालीं बोइंग ७०७ हीं जेट विमानें या मार्गावर आलीं. त्यांनीं ती साडेपांचशें मैलांच्या घरांत नेली व प्रवासाचा काळ जवळजवळ निम्म्यावर आणला. पुढील सुधारणा वेगाची नव्हती, तर पल्ल्याची होती. विमानांत इंधन अधिक मावूं लागलें, वाटेंतले थांबे गळाले, आणि मुंबईहून उडालेलें विमान थेट लंडनासच उतरूं लागलें.

येथें एक शंका सहज येते. सपाट नकाशावर मुंबई व लंडन यांना पट्टीनें जोडलें, तर रेषेचा मध्य सिरिया व तुर्कस्तान यांच्या सरहद्दीजवळ येतो. मग विमानें इतकीं उत्तरेकडून कां जातात? याचें कारण पृथ्वी वाटोळी आहे. गोलावर दोरी ताणून पाहावी, म्हणजे तिचा मध्यबिंदु कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील मुलुखांत येतो. नकाशावर वांकडी दिसणारी हीच वाट वास्तविक सर्वांत जवळची होय. दुसरी शंका अशी कीं, जाण्यास अधिक वेळ व येण्यास कमी वेळ कां? वरच्या आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनकडे जातांना ते समोरून येतात आणि परततांना पाठीशीं असतात. म्हणून जातांना साडेनऊ-दहा तास लागतात, तर परततांना नऊ तासांच्या आसपास. शिवाय लंडनचें घड्याळ हिंवाळ्यांत आपल्यामागें साडेपांच तास व उन्हाळ्यांत साडेचार तास असल्यामुळें, पहांटे मुंबई सोडलेला उतारू त्याच दिवशीं दुपारच्या जेवणापूर्वीं लंडनास उतरलेला असतो.

तथापि अंतरावर कायमचा विजय मिळाला असें मात्र समजूं नये. जून १९६७ मध्यें अरब-इस्रायल युद्धामुळें सुएझचा कालवा बंद पडला आणि जून १९७५ पर्यंत तो उघडला नाहीं. तीं आठ वर्षें मालाच्या बोटींना पुन्हां केपच्या जुन्या वाटेनें जावें लागलें. १९१९ मध्यें जें आकाश नुकतेंच खुलें झालें असें वाटत होतें, तेंहि शंभर वर्षांनीं, २०१९ सालीं व पुन्हां एप्रिल २०२५ मध्यें, पाकिस्ताननें हिंदी विमानांस बंद केलें. तेव्हां त्यांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागून वेळ व इंधन दोन्हीं वाढलीं. म्हणजे दोन शहरांमधील काळ केवळ यंत्रांवर ठरत नाहीं. मधल्या राज्यांच्या स्नेहवैरावरहि तो ठरतो. पेशवाईंत वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. आतां राजकारणाची सांभाळावी लागते.

या सर्व इतिहासाचा एक अर्थ मात्र विसरतां येत नाहीं. सुरतेच्या तहाला संमति देणारें पत्र उशिरां आलें, तो दोष अंतराचा होता. परंतु रंगो बापूजींचा अर्ज चौदा वर्षें पडून राहिला, तो दोष अंतराचा नव्हता. ते तर निर्णय देणाऱ्यांच्या दाराशींच उभे होते. आंतील माणसांना त्यांचें म्हणणें ऐकावयाचें नव्हतें, इतकेंच. सहा महिन्यांची वाट दहा तासांवर आणणें हें विज्ञानाचें कार्य होतें व तें त्यानें उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. दारांत येऊन उभा राहिलेल्या माणसाचें ऐकून घेणें, हें कार्य मात्र कोणत्याहि विमानावर सोंपवितां येत नाहीं. तें प्रत्येक पिढीला स्वतःच करावें लागतें.